जुने सुपरहिरो कॉमिक्स पुन्हा वाचताना: लेखकाने पात्र सांभाळलं की बिघडवलं, हे कशावरून ठरवता?

वाळवंटीकाठ (साखळी)

प्रश्न थेट विचारते. सुपरहिरोंची पात्रं एका लेखकाची राहत नाहीत. सुपरमॅन १९३८ पासून चालू आहे, बॅटमॅन १९३९ पासून. मूळ निर्माते कधीच गेले आणि पात्रं हातोहात पुढे जात राहिली. मग एखाद्या लेखकाने हाती आलेलं पात्र नीट सांभाळलं की त्याची वाट लावली, हे तुम्ही कशावरून ठरवता? स्वभावाला धरून लिहिलं की झालं? की गोष्ट रंगली तर बाकी सगळं माफ?

विचारायचं कारण सांगते. माझा भाऊ बोटीवर होता. ऐंशीच्या दशकात ज्या बंदरात उतरेल तिथून तो अमेरिकन कॉमिक्सचे सुटे अंक उचलायचा, बहुतेक मागचापुढचा मेळ नसलेले. घरी त्यांची एक ट्रंक भरली. आपल्याकडच्या पावसात कागद टिकवणं किती कठीण ते इथल्या लोकांना सांगायला नको. कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, पावसाळा सरला की ओसरीवर ऊन देणं, असं करत करत आईने आणि नंतर मी ती ट्रंक जपली. यंदा मे महिन्यात भाचा पुण्याहून आला होता. तो हीच पात्रं टॅबवर वाचतो, पण अलीकडची. ट्रंकेतले दोन-चार अंक चाळून म्हणाला, "आत्या, हे जुने लेखक आपल्याच पात्रांशी किती वाईट वागायचे. बायकांशी तर फारच. कशाला जपून ठेवलंय हे?"

त्याने उघडलेला अंक खरोखरच वाईट आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं. 'ॲव्हेंजर्स'चा २०० वा अंक, १९८० सालचा. कॅरल डॅनव्हर्स, तेव्हाची मिस मार्व्हल, अचानक गरोदर असते. दिवस भरायलाही वेळ लागत नाही, मूल जन्मतं आणि बघता बघता त्याचा मोठा पुरुष होतो. हा मार्कस. तो स्वतःच्या तोंडाने सांगतो की आपण तिला दुसऱ्या मितीत ओढून नेलं, यंत्रं वापरून तिचं मन वळवलं आणि तिच्याच पोटी जन्म घेतला. आणि हे कानांनी ऐकून तिचे सहकारी, जगाचं रक्षण करणारे ते सगळे वीर, तिला त्याच माणसाबरोबर निरोप देतात. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीला द्यावा तसा. तिला खरोखर जायचं आहे का, याच्या तळाशी एकजणही जात नाही.

पण त्याच ट्रंकेत पुढच्या वर्षीचा 'ॲव्हेंजर्स'चा दहावा वार्षिक अंकही आहे. लेखक ख्रिस क्लेअरमॉन्ट, चित्रं मायकेल गोल्डनची. क्लेअरमॉन्टने कॅरलची स्वतंत्र मालिका आधी लिहिलेली, म्हणजे ही बाई त्याच्या चांगल्या ओळखीची. त्याने काय केलं बघा. २०० वा अंक घडलाच नाही, ते स्वप्न होतं, ती कॅरल नव्हतीच, यातला एकही सोपा रस्ता त्याने घेतला नाही. ते घडलं, असं धरूनच तो लिहायला बसला. कॅरल एकटी परत आलेली आहे आणि जुन्या मित्रांना तिने कळवलेलंही नाही. रोग नावाची मुलगी (तिची ही पहिलीच हजेरी) कॅरलच्या शक्ती आणि आठवणी ओढून घेते. 'एक्स-मेन' या वीरांच्या गटाचा गुरू प्रोफेसर झेवियर आठवणी परत मिळवून देतो, पण त्यांच्यामागचा ओलावा परत येत नाही. आयुष्य तोंडपाठ आहे, वाटत मात्र काही नाही. आणि मग शेवटच्या पानांत ती सगळ्या ॲव्हेंजर्ससमोर उभी राहून सांगते की माझ्यावर काय गुदरलं ते तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही हसतमुखाने मला पाठवून दिलंत. कोणाकडेच उत्तर नसतं. उत्तर असू नये, अशाच बेताने ते पान लिहिलं आहे.

मी हे दोन अंक लागोपाठ वाचले आणि माझ्यापुरती कसोटी सापडली. आधीच्याने जे करून ठेवलं, ते बरं असो की वाईट, पुढचा लेखक हिशेबात धरतो का? धरत असेल तर तो पात्राचा माणूस. पुसून टाकत असेल तर मग भाषा कितीही सुंदर असो, त्याने पात्राचं काही केलेलं नाही.

उलट बाजूही त्याच ट्रंकेत आहे. स्कॉट समर्स, म्हणजे एक्स-मेनमधला सायक्लॉप्स. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, अलास्कात संसार मांडला. १९८६ मध्ये त्याची आधी मेलेली प्रेयसी जीन ग्रे हिला जिवंत करून 'एक्स-फॅक्टर' ही नवी मालिका काढायची ठरली, आणि पहिल्याच अंकात हा माणूस बायको मॅडलिन आणि तान्ह्या मुलाला सोडून जीनकडे निघून जातो. ज्या स्कॉटचं सगळं अस्तित्व कर्तव्यावर उभं होतं, तो! बरं, पुढे तरी कोणी या गोष्टीला सामोरं जावं. तर १९८९ च्या सुमारास 'इन्फर्नो' कथानकात मॅडलिनलाच राक्षसीण करून टाकलं. बायको दुष्ट निघाली म्हटल्यावर नवऱ्याने तिला टाकलं ते शोभून जातं. याचा मला आजही राग येतो. कारण लेखकांना चूक दिसत होती, आणि तिची किंमत त्यांनी तिच्याकडूनच वसूल केली.

तुमच्या कसोट्या काय आहेत? नुसती नावं नकोत, नेमका अंक, नेमकं पान सांगा.

पेडण्याचा

ताई, तुमचं मत मला दशावतारातून पटलं. आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार बघत वाढलेला माणूस आहे मी. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, पण संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्याउभ्या बोलतात. समोरच्या नटाने एक वाक्य टाकलं, समजा भीमाला तो म्हणाला की काल तू भर सभेत गप्प बसलास, तर भीमाचं काम करणाऱ्याला "मी नव्हतो गप्प" असं म्हणून सुटता येत नाही. वाक्य पडलं की ते रंगमंचावर खरं. आता भीम त्यातून कसा बाहेर येतो ते बघायलाच तर लोक पहाटेपर्यंत बसतात. आणि सावरताना तो भीमच राहिला पाहिजे, धर्मराजासारखा बोलून चालणार नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या लगेच एकमेकींकडे बघतात.

म्हणून माझ्या कसोटीला दोन बाजू आहेत. पडलेलं वाक्य झेलायचं, आणि झेलताना स्वभाव सोडायचा नाही. क्लेअरमॉन्टचं मोठं काम मी एक्स-मेनच्या शत्रूमध्ये, मॅग्नेटोमध्ये मानतो. १९६३ पासून तो नुसता आरडाओरडा करणारा खलनायक होता. 'एक्स-मेन'च्या १५० व्या अंकात (१९८१) तो रागाच्या भरात किटी प्राईडवर हल्ला करतो, ती कोसळते, आणि आपण एका पोरीला मारलं असं वाटून तो जागच्या जागी थिजतो. तिथे पहिल्यांदा त्याचं ऑशविट्झमधलं बालपण बाहेर येतं. आधीचा आरडाओरडा पुसलेला नाही, उलट तो कुठून येत होता ते आता कळतं. त्या जुन्या अंकांतलं त्याचं प्रत्येक भाषण परत जाऊन वेगळं वाचावं लागतं.

झुआरीपार (वास्को)

चर्चा चांगली आहे, पण मला एक अडचण दिसते. तुम्ही सगळं लेखकाच्या पदरात घालता आहात. या धंद्यात मालक कंपनी असते आणि शेवटचा शब्द संपादकाचा. जीन ग्रेचंच घ्या. फिनिक्स नावाची अफाट शक्ती अंगात आलेली जीन एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. क्लेअरमॉन्ट आणि जॉन बर्न यांचा मूळ बेत होता की तिच्या शक्ती काढून घ्यायच्या आणि तिला जगू द्यायचं. मुख्य संपादक जिम शूटर म्हणाला, एवढा संहार करून मोकळी कशी सुटेल? म्हणून 'एक्स-मेन'च्या १३७ व्या अंकात (१९८०) चंद्रावर ती स्वतःचा जीव देते. आज ज्याला आपण या प्रकारातला सर्वांत मोठा शेवट म्हणतो तो संपादकाच्या हट्टामुळे झाला. मूळ शेवट १९८४ मध्ये वेगळा छापला, तोही मी वाचला आहे. फिका आहे. म्हणजे ताईंच्या भाषेत हिशेब इथे लेखकाने नाही, संपादकाने धरला. आणि सहा वर्षांनी तिला जिवंत करून तोच हिशेब फाडला तोही कंपनीनेच.

आणि कधीकधी वाचकसुद्धा. १९८८ मध्ये बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यासाठी डीसी या प्रकाशन कंपनीने फोनवर मतं मागवली. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. लेखक जिम स्टार्लिनला दोन्ही शेवटांची तयारी ठेवावी लागली. तिथे लेखकाने पात्र सांभाळलं की नाही, हे कसं मोजणार?

वाळवंटीकाठ (साखळी)

झुआरीपार, संपादकाचा मुद्दा मान्य. पण माझा प्रश्न आहे त्यापुढचा. हुकूम कोणाचाही असो, हुकूम आल्यावर लिहिणारा काय करतो? जेसनचंच तुम्ही काढलंत ते बरं झालं. तो सतरा वर्षांनी, २००५ च्या सुमारास, जड विनिकच्या कथेत जिवंत परतला. मेलेला परत आणला म्हणजे पुसलंच की, असं वाटेल. पण तो येतो तो एकच जाब घेऊन: मला ज्याने मारलं तो जोकर अजून जिवंत का आहे? बॅटमॅनला तो विचारतो की एवढा एक माणूस तू का मारला नाहीस, माझ्यासाठी? मरण पुसलेलं नाही, उलट ते आता दोघांच्या मध्ये येऊन उभं आहे. आणि बॅटमॅनचं उत्तरही स्वभावातलं: एकदा ती वाट धरली की मागे फिरता येणार नाही, याची त्याला भीती आहे. पेडण्याचे म्हणतात तशा दोन्ही बाजू तिथे सांभाळल्या गेल्या.

याच्याशेजारी स्पायडरमॅनचं २००७ सालचं 'वन मोअर डे' ठेवा. १९८७ मध्ये पीटर आणि मेरी जेनचं लग्न झालं, वीस वर्षं वाचक त्या संसाराबरोबर जगले. काकू मरणाच्या दारात आहे म्हणून हा सैतानाशी, मेफिस्टोशी, सौदा करतो आणि लग्नच कधी झालं नव्हतं असं होऊन बसतं. लग्न मोडायचं होतं तर मोडू द्यायचं होतं. भांडण, घटस्फोट, काहीही. त्यातून दोन माणसं दिसली असती. पीटर पार्कर हा मुळात १९६२ पासून आपल्या एका चुकीचं ओझं वागवणारा मुलगा. चोर समोरून पळत असताना त्याने अडवला नाही, त्याच चोराने काकाला मारलं. हे ओझं झटकता येत नाही, यातच तर त्याची सगळी गोष्ट आहे. त्याच्याच हातून सैतानाकडून आयुष्य धुऊन घेणं म्हणजे त्याच्या मुळावर घाव.

झुआरीपार (वास्को)

ठीक. मग असं विचारतो. ज्या गोष्टीत काहीच घडत नाही, कोणी मरत नाही, मागचा हिशेब नाही, तिथे तुमची कसोटी काय करणार? दोन पानांतसुद्धा एखादा लेखक पात्र ओळखतो की नाही ते कळतं, असा माझा अनुभव आहे.

वाळवंटीकाठ (साखळी)

अशी एक गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ट्रंक जळत असेल तर मी ती आधी काढीन. 'अमेझिंग स्पायडरमॅन' अंक २४८, जानेवारी १९८४. अंकाच्या मागच्या भागातली छोटीशी गोष्ट, लेखक रॉजर स्टर्न, चित्रं रॉन फ्रेन्झ.

टिम हॅरिसन नावाचा नऊ वर्षांचा मुलगा. स्पायडरमॅनबद्दल छापून आलेलं सगळं तो जमवतो, कात्रणं, फोटो, आणि स्पायडरमॅनवर झाडलेल्या गोळ्यासुद्धा. मधूनमधून वर्तमानपत्रातल्या सदराचे तुकडे येतात, त्यातून त्याची ओळख होत जाते. रात्री स्पायडरमॅन खिडकीतून त्याच्या खोलीत येतो. भांडण नाही, खलनायक नाही. तो जाळं कसं टाकतो ते दाखवतो, पोराला कडेवर घेऊन भिंतीवर चढतो, जुन्या गोष्टी सांगतो. जायच्या वेळी टिम विचारतो, तू कोण आहेस? आणि हा मुखवटा काढतो. पीटर पार्कर, हे सगळे फोटो काढणारा. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तरी गोड झाली असती. स्टर्न थांबत नाही. पीटर त्याला काकाचं सांगतो, चोराला मी जाऊ दिलं ते सांगतो. ज्या गोष्टीसाठी तो स्वतःला वीस वर्षं माफ करत नाही, ती तो त्याला देव मानणाऱ्या पोरासमोर ठेवतो. मग बाहेर पडताना फाटकावरची पाटी दिसते, कर्करोगाच्या रुग्णालयाची. टिमला ल्युकेमिया आहे, काही आठवडे उरलेत.

मुखवटा काढणं इथे स्वस्त नाही. स्पायडरमॅनची ओळख हे आधीच्या लेखकांनी अंकामागून अंक राखलेलं गुपित. स्टर्नने ते एकदाच खर्च केलं, आणि जिथून ते बाहेर जाणार नाही अशा जागी खर्च केलं. ही जाणच मला लागते. पुढे कुठल्याही अंकात याचा उल्लेख नसता तरी चाललं असतं.

जुना_वेताळ (फोंडा)

बाय, मी तुमच्याही आधीच्या पिढीतला. इंग्रजी सुटे अंक आम्ही कुठून बघणार! भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हा हाती पडलेलं पहिलं रंगीत वाचन म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं, मराठीतूनही यायचं. वेताळाचा देश तिथे डेंकाली नावाने छापत. एक अंक सगळी वाडी वाचायची, शेवटी मुखपृष्ठ राहायचं नाही.

तुम्ही जो हिशेब म्हणता तो वेताळाच्या कथेतच बांधलेला आहे. ली फॉक यांनी १९३६ साली त्याला आणला आणि १९९९ मध्ये वारले तोपर्यंत स्वतः लिहीत राहिले. कथेतला वेताळ एकविसावा आहे. बाप गेला की मुलगा कवटीच्या गुहेत शपथ घेतो, लोकांना वाटतं तो अमर आहे. आणि गुहेत एक दालन आहे, जिथे प्रत्येक वेताळाने आपल्या हाताने लिहिलेल्या वह्यांची रांग लावलेली आहे. सोळाव्या शतकापासूनची. काही अडलं की एकविसावा तिथे जाऊन वाचतो की सातव्याने काय केलं होतं, तेराव्याचं कुठे चुकलं होतं. त्यांची पानं तो फाडत नाही, पुढची वही उघडून आपलं लिहितो. तुमच्या अमेरिकन लेखकांना ही गुहा दाखवायला हवी होती.

आता मोठ्या वयात पुन्हा वाचतो तेव्हा सुरुवातीच्या पट्ट्या मला टोचतात. जंगलातले काळे लोक भाबडे, आणि त्यांना सांभाळायला एक गोरा माणूस. आम्ही पोर्तुगीज राज्य बघितलेली माणसं, ती नजर ओळखतो. पण फॉक यांनी आपल्याच देशाला बदलत नेलं. पुढे तो स्वतंत्र झाला, लामांडा लुआगा नावाचा डॉक्टर निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि वेताळ त्याच्या बरोबरीने काम करू लागला. वेताळाच्या प्रेयसीला, डायनाला, इतकी वर्षं ताटकळत ठेवलं होतं, १९७७ मध्ये लग्न लावलं, १९७९ मध्ये जुळी झाली. डायनाची संयुक्त राष्ट्रांतली नोकरी चालूच राहिली. दुसऱ्याने केलेलं सांभाळणं अवघड खरं, पण आपणच चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं डोळ्यांसमोर ठेवून त्यात बदल करणं मला त्याहून अवघड वाटतं.

पेडण्याचा

काका, त्या वह्यांच्या दालनाचं लिहिलंत, देव बरें करूं. लहानपणी माझं सगळं लक्ष अंगठीच्या कवटीवरच असायचं.

म्हापसेकरीण

वाळवंटीकाठताई, तुम्ही बायकांच्या पात्रांपासून सुरुवात केलीत आणि बार्बरा गॉर्डनचं, म्हणजे बॅटगर्लचं, अजून कोणीच काढलं नाही. तर मी लिहिते. माझी धाकटी बहीण व्हीलचेअर वापरते, आणि आमच्या घरात या पात्रावर जितकं बोलणं झालं तितकं दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर झालेलं नाही.

१९८८ चं 'द किलिंग जोक'. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड. कमिशनर गॉर्डन घरी टेबलापाशी बसून वहीत कात्रणं चिकटवतो आहे, मुलगी त्याच्याशी बोलत बोलत दार उघडायला जाते. दारात जोकर, फुलाफुलांचा शर्ट, गळ्यात कॅमेरा. गोळी तिच्या पोटातून मणक्यात जाते. चित्रं इतकी सुरेख आहेत की नजर हटत नाही, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. त्यानंतर कथा बापाची, बॅटमॅनची, जोकरची. ती इस्पितळाच्या खाटेवर थोडा वेळ दिसते, बस. जी बॅटगर्ल म्हणून वर्षानुवर्षं लढली, ती तिथे फक्त कोणाची तरी मुलगी आहे.

मग जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल, नवरा-बायको. १९८९ मध्ये 'सुइसाईड स्क्वाड'च्या २३ व्या अंकात कंप्युटरवरून मदत करणारं कोणीतरी येतं, नाव ऑरॅकल. कोण ते सांगत नाहीत. पुढच्या वर्षी ३८ व्या अंकात कळतं की ही बार्बरा. खुर्चीत बसलेली, आणि जगातल्या प्रत्येक सुपरहिरोला जिची गरज पडते अशी. याच दोघांनी १९९६ मध्ये 'बॅटमॅन क्रॉनिकल्स'च्या पाचव्या अंकात तिचं पहिलं वर्ष लिहिलं. त्यात ती बॅटमॅनवर चिडते. जे झालं ते तिच्याबद्दल नव्हतंच, तुमच्या दोघांच्या भांडणात मी नुसतं साधन होते, असा तिचा राग आहे. आम्ही वाचक म्हणून जे मूरला म्हणत होतो तेच ती स्वतः म्हणाली! माझ्या बहिणीने ते पान मला रात्री उठवून दाखवलं होतं. त्यानंतर ती दोन काठ्यांनी लढायला शिकते, बसल्या जागेवरून. चमत्कार होऊन उठून उभी राहत नाही.

पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे'. आधी चक डिक्सन, मग २००३ पासून गेल सिमोन. ब्लॅक कॅनरी नावाची वीरांगना मैदानात, ऑरॅकल सूत्रं हलवणारी, आणि दोघींची मैत्री हाच मालिकेचा कणा. बहीण म्हणते, व्हीलचेअर तिथे कोणाला रडवायला ठेवलेली नाही. तिच्या कामाच्या खोलीत ती आहे, इतकंच.

आणि मग २०११. डीसीने सगळं नव्याने सुरू केलं आणि बार्बरा पुन्हा चालायला लागली, पुन्हा बॅटगर्ल. लिहायला कोण, तर गेल सिमोनच. आमच्या घरात त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीला दिव्यांगांचा पर्पल फेस्ट झाला तेव्हा बहीण तिथे दिवसभर फिरत होती, तिच्यासारखी इतकी माणसं एका जागी तिने कधी बघितली नव्हती. संध्याकाळी म्हणाली, यांच्यातल्या किती जणांना ऑरॅकल माहीत असेल, आणि तिला काढून टाकलं हे किती जणांना कळलं असेल.

तर ताई, तुमच्या कसोटीवर २०११ कसं बसतं ते सांगा. सिमोनला मी दोष देऊ की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वाळवंटीकाठ (साखळी)

म्हापसेकरीण, तुमचं वाचून मी २०११ चा पहिला अंक भाच्याच्या टॅबवर पुन्हा उघडला. त्यात एक प्रसंग आहे. इस्पितळात खुनी बार्बरावर पिस्तूल रोखतो, नेमकी पूर्वी गोळी लागली होती त्याच जागी नेम धरून. आणि ती गोठते. पूर्ण बॅटगर्ल, वेशात, सगळं शिक्षण अंगात असलेली, हलू शकत नाही. त्या क्षणात तिच्यासमोरचा माणूस मरतो. सिमोनने गोळी हिशेबात धरली आहे, यात मला शंका नाही. वर्षानुवर्षं ऑरॅकल लिहिलेल्या बाईला कंपनीने सांगितलं की तिला चालती कर, आणि तिने जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवलं.

पण धरली ती गोळीच. त्यानंतरची बाई धरली गेली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका दवाखान्यात इलाज झाला, खुर्चीत तीन वर्षं गेली, एवढ्यावर विषय मिटतो. वाचकांनी बावीस वर्षं वाचलेली ऑरॅकल त्या तीन वर्षांत कुठेच मावत नाही. जोकरने बार्बराचं काय केलं ते शिल्लक राहिलं, आणि बार्बराने स्वतःचं काय केलं ते गेलं. माझ्या कसोटीवर हे 'वन मोअर डे'पेक्षाही वाईट बसतं, कारण तिथे निदान सगळंच गेलं होतं, इथे निवडून तिचं कर्तृत्व गेलं. दोष मी सिमोनला देणार नाही. ज्यांनी तो हुकूम काढला त्यांना देईन, आणि त्याबाबतीत झुआरीपार यांचं म्हणणं बरोबर आहे.

तुमच्या बहिणीला माझ्याकडून सांगा की त्यांनी रात्री उठवून दाखवलेलं पान मला हवं आहे. माझ्या ट्रंकेत 'किलिंग जोक' आहे, 'सुइसाईड स्क्वाड'चे थोडे अंक आहेत, पण १९९६ चा तो अंक नाही, भावाची नोकरी तोवर संपली होती. दिवाळीच्या सुट्टीत भाचा येईल तेव्हा त्याला नुसतं 'किलिंग जोक' मी देणार नाही. ते, त्यामागे २३ आणि ३८, आणि मग तुमचा अंक, अशा क्रमाने एका बैठकीत वाचायला बसवणार आहे. कॅरलचे दोन अंकही तसेच. शेवटी वाचून त्याने म्हणावं की जुने लेखक वाईट होते, तर म्हणू दे. पण मग कुठले जुने लेखक, ते नाव घेऊन म्हणावं.

म्हापसेकरीण

बहीण म्हणते अंक देईन, पण प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढल्यावर हात कोरडे हवेत आणि कोपरा दुमडायचा नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येत असाल तर तिथेच देते. भाच्याचं मत काय झालं ते मात्र इथे लिहा, तिलाही वाचायचं आहे.

जुना_वेताळ (फोंडा)

आणि त्या पोराला वेताळाचा एक तरी अंक द्या. माझ्याकडे मराठीतले आहेत, मुखपृष्ठ नसलेले.